वेलीखालचा तडा

कागद जवळ धर गो सखे जरा. किती महिने झाले, तुझा पत्ता नाय. म्हातारी आहे का गेली, एवढं तरी विचारायचं! असू दे. आज लिहितेय ते कुणालाच सांगितलेलं नाय – आमच्या ह्यांनासुद्धा नाय, आणि ते तर गेलेही.

आमी आटगावकडचे कुंभार. लग्नात करवली पाण्याने भरलेला मातीचा करा हातात धरते ना, ते करे रंगवायचं काम आमच्या घरात बायकांचं. चुन्याचा हात द्यायचा, सुकला की शिंदीच्या काडीने गेरूची वेल काढायची. पण त्याच्याही आधी – करा कानाशी धरून बोटाने वाजवायचा. धड असला तर खणकतो. चिरलेला भद्द बोलतो. भद्द बोलला तो लग्नाला जात नाय, हा सासूबाईंचा नेम.

मुरबाडला नणंदेच्या मुलाचं लग्न होतं. करवली त्याची धाकटी बहीण, कुसुम, दहा-अकरा वर्षांची. तिचा करा मी वाजवला. भद्द. दुसरा नव्हता का? होता – सासूबाईंनी स्वतः रंगवून ठेवलेला. पण मग माझी वेल मांडवात कशी गेली असती?

तडा वाकडा होता. मी चुना जाड लावला, आणि वेलही वाकडीच काढली, तडा चालला तशी. सासूबाईंनी विचारलं, "वाजवलास ना गो?"

मी म्हटलं, "हो."

मांडवात बाया वेलीचं कौतुक करत होत्या – आणि भरलेला करा कुसुमच्या हातातच उभा फुटला. पोर म्हणत राहिली, "मी नाय सोडला, मी नाय सोडला." कुणी ऐकलं? मी दोन पावलांवर होते. वाकून खापऱ्या गोळा केल्या. सगळ्यांना वाटलं, मामी मदत करते. मी तडा लपवत होते.

पुढे नव्या सुनेचं पहिलं बाळ पोटात राहिलं नाय, तेव्हा बोटं कुसुमकडेच गेली. आज तिला पस्तीसेक वर्षं झाली ऐकून घेताना. कुणाच्या कार्यात कलशाला तिचा हात लागू देत नायत. आणि ती वाकडी वेल? गिऱ्हाइकं अजून मागून नेतात.

गेल्या महिन्यात कुसुम तिच्या लेकीच्या लग्नाचे करे न्यायला आली. रिक्षात ठेवायची वेळ आली तशी हात पदराखाली घेतले तिने. "मामी, तूच ठेव. माझे हात नकोत."

आणि मी – ठेवले. पेंढा घालून, एकेक.

खरं कागदावर आलं, तिच्यासमोर नाय आलं. तू काही बोलू नकोस, समजूतही घालू नकोस. नुसती ये लवकर. दोन करे तुझ्या कानाशी धरीन, एक धड, एक चिरलेला. तू कुंभाराघरची नायस – तरी एका टिचकीत कळेल तुला.