शिक्काकाकूंचा वागू

शिक्काकाकूंना एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण कागद कोणत्या ऑफिसातून आला हे त्या हातभर अंतरावरून सांगत. कागद उलटा धरला असला तरी. त्यांची नजर मजकुरावर जायचीच नाही, थेट शिक्क्यावर जायची. "गोल शिक्का मोठ्या सायबाचा, लांबट त्याच्या हाताखालच्याचा, अन् ज्याले शिक्काच नाई तो पुडी बांधाचा कागद," हे त्यांचं शास्त्र. इचोड्याच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, सगळा जन्म कागदात गेला, पण हे शास्त्र मला काही जमलं नाही.

नवरा गेल्यावर दीराने त्यांना मळ्याच्या बांधालगतची एक पट्टी तोंडी दिली होती आणि दोन वर्षांनी तोंडीच परत घेतली. तेव्हापासून काकूंचा माणसांच्या बोलण्यावरचा भरवसा उडाला. "तोंडचा शब्द थुंकीसंगं वाळते, बाबू. शिक्का वाळला का पक्का होते." भाजीच्या टोपलीत, मेथीच्या जुड्यांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत त्यांचे कागद असत. कधीकधी माझ्या मशीनवर ठेवलेल्या कागदातून मेथीची पानं गळायची आणि मी वैतागायचो.

चार वर्षांपूर्वी आषाढात त्यांच्या मळ्यासमोरचा अर्जुनाचा वृक्ष उन्मळला आणि वागूत आडवा पडला. आमचा मुलूख तेलुगू राज्यातला, त्यामुळे आम्हीही नदीनाल्याला वागूच म्हणतो. पाणी अडलं, वळलं आणि काकूंचा काठ खाऊ लागलं. काठापासून बारा पावलांवर त्यांची विहीर. उन्हाळ्यात गावचे हापसे कोरडे पडले की अर्धं गाव त्याच विहिरीवर यायचं. ती ढासळली असती तर काकूंचा मळा गेला असता आणि गावाचं पाणीही.

गावातले गडी कुऱ्हाडी घेऊन आले. संध्याकाळपर्यंत झाड मोकळं करतो म्हणाले. काकू आडव्या आल्या. "फॉरेस्टच्या झाडाले हात लावसान तं केस होईन. आधी कागद!"

मग आम्ही फिरलो. मी तेलुगूत दरख्वास्त लिहायची आणि काकूंना मोटरसायकलवर मागे बसवून न्यायचं. फॉरेस्टवाले म्हणाले, झाड पाण्यात आहे, इरिगेशनकडे जा. इरिगेशनवाले म्हणाले, पाणी आमचं, झाड नाही. एमारो ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, सांगितलं, आधी त्या दोघांची ना-हरकत आणा. माझं डोकं फिरलं होतं. काकू मात्र प्रत्येक टेबलावर पोच मागत, शिक्का उजेडात धरून बघत आणि कारकुनाला पोटभर आशीर्वाद देत. परतताना म्हणाल्या, "मूळ फॉरेस्टचं, खोड इरिगेशनचं, शेंडा एमारोचा. पडतानी झाडानं इचारलं नाई काऊन, कोनाच्या हद्दीत पडू म्हनून!"

रोज सकाळी त्या काठापासून विहिरीपर्यंत पावलं मोजत. बाराची आठ झाली, आठाची पाच. श्रावणात एक दिवस त्या दुकानात आल्या आणि टोपली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तीनच राह्यली, बाबू." त्या बाईला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

फॉरेस्टचे मोठे साहेब उत्तरेकडचे, नवीनच बदलून आलेले. मी त्यांचा नंबर लावून दिला. काकूंनी फोन तोंडासमोर धरला आणि आपल्या हिंदीत ओरडल्या, "साब, वागू कुएँ के पास आ गया! तीन कदम पे है! आज नहीं आये तो सब खा जायेगा!"

तासाभरात दोन जीपा आल्या. जाळी, पिंजरा, बंदुकीसारखं काहीतरी. इकडे टिपेश्वरच्या अभयारण्यातून वाघ अधूनमधून येतात, त्यामुळे साहेबांच्या कानाचाही काही दोष नाही. वाघ म्हटलं तरी खातो नि वाघोबा म्हटलं तरी खातो असं म्हणतात. आमचा तर वागूच विहीर खात होता.

"बाघ किधर है?" साहेब गरजले.

"बाघ कोन बोल्या? मैं वागू बोली," म्हणत काकूंनी पाण्याकडे बोट दाखवलं. साहेब संतापले, मग काठावर गेले. त्यांच्या डोळ्यांसमोर काठाचा एक मोठा तुकडा पाण्यात कोसळला.  त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून परवानगी लिहिली आणि सही केली.

गड्यांनी कुऱ्हाडी उचलल्या. काकूंनी कागद बघितला. "शिक्का कुठाय?"

शिक्का ऑफिसात होता. मी ओरडलो, "अहो काकू, खुद्द साहेब उभे आहेत ना इथं!" काकू कागद धरून उभ्याच राहिल्या. त्या कधी कागदाकडे बघत, कधी विहिरीकडे. तेवढ्यात आणखी एक तुकडा कोसळला. काकूंनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "चालवा. शिक्क्याचं मंग पाहू." बिनशिक्क्याच्या कागदावर त्यांनी आयुष्यात तेवढाच एकदा भरवसा ठेवला. दिवस मावळायच्या आत अर्जुन कापून बाजूला झाला आणि पाणी आपल्या जुन्या वाटेने गेलं. विहीर दोन पावलांवर वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दुकानाच्या दारात हजर. "चल बाबू, शिक्का आनाचा हाय." साहेब हसून म्हणाले, अब क्या ज़रूरत है? काकूंनी कागद पुढे केला. "लगाव साब. गोल वाला."

काकूंनी तो फोन मुद्दाम तसा केला का, हे मी अनेकदा विचारलं. "मले कुठं हिंदी येते बावा," एवढंच त्या म्हणत.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. दुखणं दोन दिवसांचंच. भैंशाहून त्यांची लेक आली. तिच्यासाठी मृत्यूचा दाखला मीच काढून आणला. हल्लीचा दाखला. खाली काळ्या ठिपक्यांचा चौकोन आणि एक ओळ: डिजिटल सही आहे, शिक्क्याची गरज नाही.

तो कागद घेऊन मी दुकानात आलो. मला राहवेना. मी त्याची एक झेरॉक्स काढली, गल्ल्यातून माझ्या दुकानाचा शिक्का घेतला, पॅडवर नीट दाबला आणि झेरॉक्सवर खाली उजव्या कोपऱ्यात उमटवला. वाळेपर्यंत फुंकर घातली. काकूंच्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत, साहेबाच्या परवानगीवर ती झेरॉक्स ठेवली.

लेकीने डोकावून पाहिलं. "दादा, हा कशाचा शिक्का हाय?"

"गोल आहे ना?" मी म्हणालो. "मग मोठ्या साहेबाचा."