खंडोबाचा किडा आणि काळा भुंगेरा

“अहो, थांबा!” मी ओरडलो, पण सोनाबाईंची टाच खाली आली होती. काळ्या भुंगेऱ्याचा चुरा झाला.

“मेल्यानं सगली रोपं खाल्ली माजी!” त्या म्हणाल्या.

डोंबिवलीजवळच्या त्यांच्या वाडीत कोबीची रोपं रोज सकाळी बुंध्याशी कापलेली मिळत. हीसुद्धा लावण गेली, तर त्यांचे यजमान जमीन वीटभट्टीला देणार होते. बाईंच्या जिवाला घोर लागला होता. मी शेतीखात्यात कीटकांचं काम बघायचो. ठाण्याच्या ऑफिसातून साहेबांनी बजावलं होतं, “डीडीटी मारा आणि मोकळे व्हा.”

राखणीला म्हणून बाईंनी रोपांवर खंडोबाचे किडे आणून सोडले होते. पुढचे पाय जोडून बसणारा तो हिरवा किडा. देवाचा म्हणून त्याला कुणी मारत नसे.

मी माती उकरली. आत राखाडी अळी वेटोळं करून पडलेली. “हा तुमचा चोर. रात्री रोप कापतो, दिवसा मातीत दडतो.”

“मंग हा काला तिथं कशाला येतो?”

“तिला खायला.”

“कायतरीच तुमचं, साहेब!”

मला चेव आला. लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या मागितल्या. दोन्हीत माती आणि एकेक अळी. एकीत काडीवर खंडोबाचा किडा, दुसरीत वाफ्यात सापडलेला जिवंत भुंगेरा. वर गोणपाट टाकून काळोख केला. तोवर बाईंनी भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मी यथेच्छ ताव मारला.

जेवणानंतर गोणपाट काढलं. हिरवे महाराज काडीवर तसेच, हात जोडून. समोर काही हललं तर ते झडप घालतात, मातीत उतरत नाहीत. भुंगेऱ्याने मात्र अळी मातीतून ओढून अर्धी फस्त केली होती.

“अगं बाई! आनि मी याला टाचेनं!” बाईंचा चेहराच उतरला.

साहेबांना मी सांगितलं, “सर, पावडरीनं भुंगेरेही मरतील. थोडे दिवस द्या.”

“रोपं गेली तर उत्तर तुम्ही द्यायचं.”

“देईन,” मी म्हटलं.

बाई सकाळी माती उकरून अळ्या वेचायच्या, बाकीचं काम भुंगेरे करायचे. रोपं तगली. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या जेवणाचं आमंत्रण आलं, तेव्हा कोबी गड्डे धरत होता आणि वीटभट्टीचं नाव कुणी काढत नव्हतं. फार बरं वाटलं. तेवढ्यात अंगणातून एक भुंगेरा पळाला. यजमानांनी पाय उगारला.

“अहो, पाय मागं घ्या!” बाई कडाडल्या. “खंडोबाचा कुत्रा हाय तो!”

पुढे वर्षानुवर्षं मी रिपोर्टात भुंगेऱ्याचे फायदे लिहीत राहिलो. ते कुणी वाचले असतील असं वाटत नाही. त्या गावात भुंगेरे वाचले ते बाईंनी ठेवलेल्या नावामुळे.