किटलीच्या झाकणावरची टिकली

नाना रिटायर झाले आणि त्यांनी डुक्कर घरी आणलं.

नाना म्हणजे माझे सासरे. पस्तीस वर्षं लूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बंद पडलेले माग दुरुस्त करणारे. अशी माणसं निवृत्त झाली की पानटपरीवर बसून सरकार चालवतात. नानांनी मात्र कडोदऱ्याच्या एका भंगारवाल्याकडून गोल पाठीची, पुढे नाकाड आलेली, साठेक वर्षांची जुनी मोटार टेम्पोला बांधून ओढत आणली. त्या गाडीला लोक डुक्करच म्हणतात. (मी फोनवर आईला एवढंच सांगितलं की सासऱ्यांनी डुक्कर घेतलं. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.)

पुढचं दीड वर्ष ते डुक्कर सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीत विटांवर उभं होतं. नानांनी त्यात अपघातातल्या एका व्हॅनचं दणकट इंजिन बसवलं, मागे ट्रॅक्टरला शोभतील असे टायर लावले आणि बॉनेट दोन्ही बाजूंनी कापून टाकलं, म्हणजे इंजिन सगळ्यांना दिसावं. वर लाल रंग. माझे मिस्टर विजय रिक्षा चालवतात. त्यांनी मोबाईलवर बघून सांगितलं की परदेशात अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. नानांच्या तोंडी त्याचं 'हॉट राडा' झालं, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त बरोबर होतं.

कारण गाडी तापायची. भेस्तानपर्यंत जाऊन येईतो रेडिएटरमधलं निम्मं पाणी रस्त्यावर सांडलेलं असायचं. मी ओट्यावर बसून साड्यांवर टिकल्या चिकटवत होते, तेव्हा नानांनी मला कारण समजावून सांगितलं. पाणी तापलं की फुगतं आणि बाहेर पडतं. ते धरायला बाजूला एक टाकी हवी. गाडी थंड झाली की रेडिएटर तेच पाणी नळीतून परत ओढून घेतो. जुन्या गाडीला अशी टाकी नसते, ती आपणच करायची.

इथपर्यंत मला सगळं समजलं. पुढचं ऐकायच्या आधी कुकर झाला म्हणून मी आत गेले.

टाकी निवडण्यात तीन आठवडे गेले. आधी लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी लावली, ती दुसऱ्याच दिवशी इंजिनाच्या धगीने कमरेत वाकली. मग तेलाचा पत्र्याचा डबा लावला, तो गंजला. शिवाय इंजिन उघडं असल्यामुळे टाकी दिसायलाही देखणी पाहिजे होती. मग नानांची नजर माझ्या किटलीवर गेली. लग्नात आईने दिलेली स्टीलची किटली, रबरी रिंगचं घट्ट झाकण, वर दाबून बसणारी कडी, आणि पोटावर कोरलेलं नाव: 'सौ. सुनंदा हिस आईकडून'. नानांनी किटली मागितली नाही. ते फक्त रोज चहा पिताना तिच्याकडे बघायचे. सहाव्या दिवशी मीच ती त्यांच्या हातात दिली.

त्यांनी तिला तळाशी नळी जोडली, झाकणात कसलंसं बारीक काम केलं आणि इंजिनाशेजारी पट्टीने आवळून बसवली. दुसऱ्या दिवशी भेस्तानला जाऊन आलो. रस्त्यावर एक थेंब नाही. आम्ही तिघं उतरून गाडीखाली वाकून कोरडी जमीन बघत होतो आणि गल्लीतली माणसं आम्हाला बघत होती.

मग विजयना कुठूनतरी कळलं की सुरतेत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. नाना आधी नाहीच म्हणाले. तिथे शेठ लोकांच्या गाड्या येणार, आपली बघून हसतील, असं त्यांचं म्हणणं. फॉर्म मी भरायला लावला. जायचं ठरलं तेव्हा नानांनी पेटीतला पांढरा सदरा काढून मला इस्त्रीला दिला, म्हणजे त्यांना जायचं होतंच.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी इंजिन पुसायला घेतलं. किटलीला चिंच लावून घासलं. तेव्हा मला झाकणावर एक भोक दिसलं. सुईएवढं, आणि भोवती हिरवट डाग. मी विचार केला, नानांची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही, ड्रिल घसरलं असेल आणि बिचारे संकोचाने बोलले नसतील. उद्या एवढ्या लोकांत त्यांची चूक दिसायला नको. घरात साड्यांच्या कामाचा दोन ट्यूबचा पक्का गोंद होताच. मी भोक बुजवलं. वर गोंदाचा ठिपका दिसत होता, म्हणून त्यावर एक चंदेरी टिकली बसवली. फार छान दिसत होती. मी कोणाला काही बोलले नाही. मोठ्या मनाची माणसं असं बोलून दाखवत नाहीत.

प्रदर्शनात आमची गाडी एका लांबलचक मोतिया रंगाच्या मोटारीशेजारी उभी केली. कापडी मांडव, पण ऊन असं की मांडवही घामाघूम. तीन परीक्षक होते, तिघेही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. त्यांचे प्रमुख एक म्हातारे पारशी गृहस्थ. ते येणार म्हणून नानांनी इंजिन सुरू ठेवलं होतं, आणि ते प्रत्येक गाडीपाशी रमत होते. आमचा नंबर येईपर्यंत इंजिन बराच वेळ चालून सडकून तापलं होतं.

पारशीबाबा आमच्या गाडीभोवती दोन चकरा मारून किटलीपाशी थांबले. नाव वाचून त्याचा अर्थ विचारला. नानांनी सांगितला. तेव्हा ते बाकीच्या दोघांना म्हणाले की पैसे देऊन सामान सगळेच आणतात, डोकं या माणसाने लावलंय. नानांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी मागे पदर सावरून उभी होते आणि माझं लक्ष टिकलीकडे होतं. ती उन्हात चमकत होती.

मग किटली गायला लागली. रबरी रिंगमधून बारीक, चिरका सूर. नानांनी मान वळवली. पस्तीस वर्षं मागांच्या खडखडाटावर चढवलेल्या आवाजात ते म्हणाले, "मागे व्हा." सगळे पाच-सहा पावलं मागे झाले. नानांनी इंजिन बंद केलं आणि तेवढ्यात कडी निसटली.

झाकण मांडवाच्या कापडाला जाऊन भिडलं. त्याच्यामागून कूलंट घातलेल्या हिरव्या पाण्याचा फवारा गेला, कापडावर आपटला आणि पसरून, जरा निवून, खाली आला. तिन्ही परीक्षक बरोबर त्याच्याखाली होते. भाजलं कोणालाच नाही, पण पांढरं कोणीच राहिलं नाही. वर्तमानपत्राच्या फोटोवाल्याने तेवढ्यात चार फोटो काढून घेतले.

एक परीक्षक गुजरातीत कडाडले, असली जुगाडं आत येऊ देतं कोण म्हणून. नानांनी जमिनीवरचं झाकण फडक्यात धरून उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. टिकलीवर अंगठा थांबला. मग त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले.

"साहेब, चूक माझी आहे. टाकीत हवा यायला-जायला झाकणात भोक ठेवावं लागतं. मी विसरलो."

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो 'सुटले' असा. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. बंद पडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखणारा हा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या डोक्याचं कौतुक केलेलं, आणि तो सगळ्यांसमोर म्हणत होता की मी विसरलो. माझे पाय आपोआप पुढे गेले.

"भोक होतं," मी म्हणाले. घाबरले की माझी हिंदी-गुजराती सगळी जाते, म्हणून मराठीतच. "मी बुजवलं. वर टिकलीपण लावली."

पारशीबाबांनी विचारलं, "टिकली कशाला, दीकरी?"

"चांगलं दिसावं म्हणून."

ते खुर्ची ओढून बसले आणि हसायला लागले. चष्मा काढून पुसला, पुन्हा झाकण बघितलं, पुन्हा हसले. मग त्यांनी पिन मागितली. मी बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. गरम झाकणावर गोंद मऊ पडला होता. त्यांनी स्वतः भोक मोकळं करून झाकण माझ्या हातात दिलं, तेव्हा फोटोवाल्याने आणखी एक फोटो काढला. गाडी निवल्यावर विजयनी पिण्याच्या बाटल्यांतून पाणी भरलं आणि डुक्कर पुन्हा सुरू झालं. बक्षीस अर्थातच मोतिया गाडीला मिळालं.

परतताना नाना गाडी चालवत होते. उधना आल्यावर समोर बघतच त्यांनी विचारलं, "माझा हात घसरला असं वाटलं तुला?"

मी होकाराची मान हलवली.

"घसरतो आता कधीकधी," ते म्हणाले. "पण तेव्हा नव्हता घसरला." आणि त्यांनी हॉर्न वाजवला, रस्त्यात कोणी नसताना.

दुसऱ्या दिवशी गुजराती पेपरात माझा फोटो आला. मोठा, पदर डोक्यावर, हातात झाकण. माझं शिक्षण जळगावकडचं, गुजराती मला बोलता येतं, वाचता येत नाही. विजयनी वाचून सांगितलं की 'सुरतची हुशार सून' असं छापलंय. नानांनीही मान डोलावली. त्यांनी कात्रण फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं. येणारा प्रत्येक जण ते वाचून माझ्याकडे बघून हसायचा आणि मी त्याला चहात जास्त दूध घालायची.

दोन महिन्यांनी शेजारच्या हंसाबेनने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं: 'तीन परीक्षकांना एकाच वेळी अंघोळ घालणाऱ्या लिंबायतच्या सुनंदाबेन.'

तोपर्यंत माझ्या माहेरी सगळ्या नातेवाइकांकडे त्याच्या झेरॉक्स पोचल्या होत्या. रंगीत. मीच पाठवल्या होत्या.