वाचता येतं : होय

चौथीच्या बाईंना सगळी शाळा ‘घाईबाई’ म्हणायची. चालणं घाईचं, बोलणं घाईचं. नवऱ्याने सकाळी चहाचा कप पुढे केला, की निम्मा बाईंच्या पोटात आणि निम्मा अंगावर. पण सव्वीस वर्षं त्या मुलांना वाचायला शिकवत होत्या आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. हल्ली मात्र वरून रोज नवी माहिती मागवली जायची. कधी वजनं-उंच्या, कधी बुटांचे नंबर, कधी नळांचे फोटो. बाई मोबाईलवर बोटं नाचवायच्या आणि मुलं धुडगूस घालायची.

अशातच एक दिवस वाचनाचा तक्ता आला. प्रत्येक मुलापुढे एकच प्रश्न : वाचता येतं का? ‘होय’ दाबलं की काम फत्ते. ‘नाही’ दाबलं की त्या एका मुलासाठी आणखी चौदा प्रश्न उघडायचे. शाळा सुटायला दहा मिनिटं होती. घाईबाईंनी एकतीसच्या एकतीस मुलांपुढे ‘होय’ दाबलं आणि पर्स उचलली.

तीन आठवड्यांनी मुख्याध्यापक हसतहसत वर्गात आले.

“अभिनंदन, बाई! तुमचा वर्ग शंभर टक्के वाचतो. त्यामुळे आपल्या वाचनताईंची गरज उरली नाही. सोमवारपासून त्या दुसऱ्या शाळेत.”

वाचनताई मागे पडलेल्या मुलांना रोज तासभर वेगळं बसवून अक्षरं शिकवायच्या. त्यांच्याकडे अकरा मुलं होती, सगळी याच वर्गातली. त्यातली इस्त्रीवाल्याची धाकटी आत्ता कुठे काना-मात्रा ओळखायला लागली होती. आपल्या हातातला धोंडा आपल्याच पायावर पडला असता तरी चाललं असतं, तो पोरीच्या पायावर पडला, याने बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तक्ता दुरुस्त करते,” त्या म्हणाल्या.

“अहो, म्हणजे खोटी माहिती भरली हे कबूल करणं आलं! झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुमची.”

“माझी मूठ राहील हो झाकलेली, सर. पोरं कोरी राहतील त्याचं काय?”

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या रिकाम्या वर्गात बसल्या. अकरा मुलं, प्रत्येकी चौदा प्रश्न. शेवटचा होता : मूल मागे राहण्याचं कारण? आजारपण, गैरहजेरी, घरची परिस्थिती... बाईंनी ‘इतर’ निवडलं आणि अकरा वेळा लिहिलं, ‘बाई माहिती भरत होत्या.’

वाचनताई राहिल्या. दोन महिन्यांनी बाईंच्या नावाचं पत्रही आलं. इस्त्रीवाल्याची धाकटी तेव्हा वही दाखवायला टेबलापाशी उभी होती. बाईंनी पत्र फोडलं, नजर फिरवली आणि तिच्याच हातात दिलं.

“वाच.”

तिने ओळीखाली बोट धरलं. “तु-म-च्या-वर... का-र-वा-ई... का करू... नये?” तिने मान वर केली. “बाई, कारवाई म्हणजे काय?”

“ते राहू दे,” बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “पुढची ओळ वाच.”