रिसोडकडं गेलेला ढग

हसायचं असलं तं हसा बाप्पा, पण चहा आधी पिऊन घ्या, नाहीतं नाकात जाईल. अन् शेवटी हसू आलं नाही तं मले दोष देऊ नका. मलेही येत नाही.

तं मी मेडशीचा फोटोवाला. लग्नाचे फोटो काढतो. पण गावात मले फोटोवाला कोणी म्हणत नाही, 'ढगवाला' म्हणतात! काहून? तं उन्हाळ्यात अवकाळीचे ढग उठले की माह्या दुकानाचं शटर खाली, अन् मी ढगाच्या मागं! मोबाईलवर ढगाचा नकाशा पाहाचा, लाल डाग कोणत्या गावाकडं सरकून राह्यला ते हेराचं, अन् ग्रुपवर टाकाचं, "गारा येऊन राह्यल्या, कांदा झाका!" लोकं झाकत. एक-दोनदा खरं निघालं, अन् माही मान अशी फुगली की कॉलरचं बटन लागेना!

हा नाद माह्या एकट्याचा नव्हता. गजानन माहा दोस्त. गाडी तो चालवे, मागं बसून मी नकाशा पाहो. वीज चमकली की हँडल सोडून टाळ्या वाजवे, असा येडा! मागच्या दिवाळीच्या आधी छातीत दुखते म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही. त्यानंतर मी नकाशा पाहत होतो, पण ढगाच्या मागं गेलो नाही. कोणाच्या मागं बसू?

त्याची बायको वच्छलावहिनी आमच्या शेजारीच राह्यते. जाण्याआधी गजाननानं हळद लावली होती. वहिनीनं एकटीनं ती काढून घेतली, शिजवली अन् वाळाले टाकली. सारं अंगण पिवळं!

एप्रिलची दुपार होती. ऊन असं की चप्पल डांबराले चिकटे. अचानक गार वारं सुटलं. वहिनीनं कुंपणापलीकडून आवाज देल्ला.

"भाऊजी, आभाय भरून येऊन राह्यलं. हयद झाकू का?"

आता "झाका" म्हणाले माह्या बापाचं काय जात होतं? पण नाही! मी ढगवाला ना! फोन काढला. लाल डाग रिसोडकडं, मेडशी एकदम साफ.

"खुशाल वाळू द्या वहिनी. ढग रिसोडले गेला."

"नक्की ना?"

"मी सांगून राह्यलो ना!"

वहिनीनं ओढत आणलेली ताडपत्री परत ओसरीत नेऊन ठेवली. अन् मले? मले गजाननची अशी आठवण आली की काय सांगावं! म्हटलं, त्याच्यासाठी तरी एक ढग पाहून येऊ. एकट्यानंच गाडीले किक मारली.

मालेगाव गेलं, शिरपूर गेलं. जितकं पुढं जावं तितकं आभाळ साफ! फोन पाह्यला तं लाल डाग जागच्या जागी. म्हटलं, ढग दबा धरून बसला! एका पुलावर उभा राह्यलो अन् ग्रुपवर व्हिडिओ टाकला, "मेडशीकर हो, मी ढगाच्या तोंडाशी उभा हाय. तुमी निवांत राहा!"

लगेच रफिकभाईचा फोन. माह्या दुकानाच्या बाजूले त्यायचं पंक्चरचं दुकान हाय.

"सुधाकरभाऊ, कहाँ हो? इथं गारा पडून राह्यल्या!"

"मजाक नका करू रफिकभाई. नकाशात नाई."

"अरे नकाशात नसन, माह्या टाळक्यात पडून राह्यल्या! हे आयका!"

त्यायनं फोन टिनाखाली धरला. तडतड तडतड!

"भाभी लाह्या फोडून राह्यल्या का?"

"या अल्ला!" म्हणून त्यायनं फोनच ठेवला.

मंग बायकोचा फोन. "अहो, घरावरचे कवेलू फुटून राह्यले!" मी तिले शांतपणे समजावतो, "घाबरू नको, तो ढग तिथं नाईच!" सांगा, असा नवरा कोणाले भेटावा?

तेवढ्यात मालेगावकडून एसटी आली. समोरची काच तडकलेली. ड्रायव्हरनं गाडी हळू करून मान बाहेर काढली. "मेडशीकडं जाऊ नका भाऊ, लिंबाएवढ्या गारा हायेत!"

डाग मोठा करून पाहाले बोट फिरवलं, तं डाग बाजूले सरकला अन् त्याच्या जागी माही म्हैस आली!

हो, म्हैस! फोटोतली. म्हणजे मी नकाशा उघडलाच नव्हता. आदल्या दिवशी कोणाले तरी दाखवाले त्या नकाशाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, तोच पाहत बसलो होतो. ढग रिसोडकडं गेला होता, बरोबर. पण काल!

गाडी कशी हाणली ते मलेच माहीत नाही. गावात रस्ता पांढरा पडला होता. वहिनीच्या फाटकाखालून पिवळं पाणी रस्त्यावर येऊन राह्यलं होतं. वहिनी पायरीवर बसलेली, ताडपत्री अर्धी अंगणात. झाकाले धावली अन् गारांवरून घसरून पडली. मनगट सुजून टम्म.

"वहिनी..." म्हणून मी फोन पुढं केला, अन् कालच्या नकाशाचं सारं सांगून टाकलं.

"ह्यायच्या हातची होती भाऊजी," ती हळूच बोलली. "पुढच्या सालीबी लावीन मी. पन ते माह्या हातची राहीन."

रडली नाही. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं वाटलं असतं मले.

रफिकभाईनं ऑटो आणला. तिघं वाशीमले गेलो. दवाखान्यात डॉक्टर हात तपासत म्हणाले, "एवढी गारपीट येणार, कुणी आधी सांगितलं नव्हतं का?"

"सांगतलं होतं ना," वहिनी माह्याकडं पाहत बोलली. "ह्या भाऊजीनंच. अंदाज बरोबर होता, फक्त कालच्या भाकरीवानी एक दिवस शिया होता."

डॉक्टर हसले. वहिनीही हसली, अन् हसता हसता तिचा बांध असा फुटला की थांबेचना. गजानन गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. रफिकभाईनं तोंड फिरवलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत राह्यलो. तारीख आता माही तोंडपाठ झाली होती.

मंग एक्स-रे काढणारा माणूस फोटो घेऊन आला. मी घ्याले हात पुढं केला.

वहिनीनं चांगल्या हातानं डोळे पुसले. "भाऊजीले देऊ नका," ती म्हणाली. "रफिकभाई, तुमी घ्या. अन् पह्यले पाहा, आजचाच हाय ना तो."