आपले पत्र मिळाले

माझं काम काय ते सांगितलं की लोक विषय बदलतात. मी ऑफिसात सर्व्हरच्या डिस्कवर लक्ष ठेवते. सर्व्हर म्हणजे मोठे कॉम्प्युटर आणि डिस्क म्हणजे त्यांची साठवणीची जागा. डिस्क सहसा एकाएकी बंद पडत नाही. आधी तिचे थोडे थोडे भाग वाचता येईनासे होतात, मग ते वाढत जातात. तेवढ्यात कुणाचं लक्ष गेलं तर सगळं दुसरीकडे हलवता येतं. माझ्या पडद्यावर हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे उशीर झाला. पिवळ्याकडे काणाडोळा करणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. "मॅडम, अभी चल तो रही है," असं कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. ऑफिसात सगळे मला टरकून असतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

इंदूर शहराच्या जुनी इंदूर भागातल्या आमच्या घरी बाबांसाठी एक छोटं मशीन मीच जोडून दिलं होतं. त्यात आईचा आवाज होता. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आई त्यांना रोज पेपर वाचून दाखवायची, आणि बाबा हौसेनं ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचे. आईच्या वाचनात बातमी कमी आणि शेरे जास्त. "बघा, परत रस्ता खोदला. यांना दुसरा धंदाच नाही." पुढे आई गेली, मोबाइलही बिघडला. त्याआधी मी ती चाळीसएक रेकॉर्डिंग मशीनमध्ये उतरवून ठेवली होती, दोन डिस्कवर दोन प्रती. बाबा रोज चहाबरोबर एक लावायचे. बातमी जुनी, रस्ताही केव्हाच बुजवलेला, पण मान डोलावत ऐकायचे.

डिस्कची तब्येत कशी आहे ते मशीननं रोज सकाळी बाबांना ईमेलनं कळवावं, अशी सोय मी केली. इंग्रजी पत्र ते उघडणार नाहीत म्हणून मजकूर मराठीत लिहिला, तोही मुद्दाम त्यांच्या सरकारी थाटात: "महोदय, आजची तपासणी पूर्ण झाली. दोन्ही डिस्क ठीक आहेत." बाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली होती. पत्र आलं की त्यांना बरं वाटायचं.

मग साडेनऊला मला फोन.

"काय बेटा, पोहे झाले का? आपलं मशीन एकदम बढिया. सब हरा-हरा."

"बरं बाबा, ठेवते. मीटिंग आहे."

मीटिंग रोज असायची. कधी खरी, कधी नाही. त्या फोनचा मला कंटाळा यायचा, हे आता लिहायलाही लाज वाटते. आता साडेनऊ वाजले की मी हातातलं काम थांबवते आणि फोनकडे बघत बसते.

मी काही परदेशात नव्हते. याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्कूटरवर अर्धा तास. दर रविवारी येते म्हणायचे आणि महिन्यातून एखाद्या रविवारी जायचे.

बाबा गेले. तेराव्यानंतर महिन्याभरानं, एका दुपारी, मी त्या घरी एकटीच गेले. आईला ऐकायचं होतं. मशीन लावलं. आईनं अर्धं वाक्य वाचलं आणि आवाज थांबला. आतून टक्, टक्, टक् येऊ लागलं. तो आवाज मला चांगला ठाऊक आहे. तपासलं तर एक डिस्क केव्हाच मेलेली, दुसरी शेवटच्या घटका मोजत होती.

पहिल्यांदा संतापले. इशारा कसा आला नाही? मग आठवलं, इशारे कुणाला जात होते ते. शेकडो डिस्कवर नजर ठेवणाऱ्या बाईनं आपल्या घरच्या मशीनला स्वतःचा पत्ताच दिला नव्हता.

बिघाड कधी सुरू झाला ते बघायला मशीनची मेलपेटी उघडली. तिच्यातून पत्रं फक्त बाहेर जायची. मशीनला कोण लिहिणार? म्हणून ती मी कधी उघडलीच नव्हती. पेटी भरलेली होती. सगळी पत्रं बाबांची.

"जा. क्र. १. महोदय, आपले पत्र मिळाले. दोन्ही डिस्क ठीक असल्याचे वाचून समाधान वाटले. आभारी आहे."

मी मोठ्यानं हसले. आलेल्या पत्राला उत्तर दिलं नाही, असं या माणसानं जन्मात केलं नव्हतं. यंत्राचंही पत्र ते पत्रच. रोजचं एक उत्तर, जावक क्रमांकासह. चाळत चाळत मी त्या दिवसापर्यंत आले, ज्या दिवशी मशीननं कळवलं होतं: "डिस्क क्रमांक दोनमध्ये बिघाडाची लक्षणे आहेत. कृपया तातडीने लक्ष द्यावे."

"महोदय, आपले पत्र मिळाले. मुलीस फोन केला होता, परंतु ती कामात होती. रविवारी येणार आहे, तेव्हा सांगतो. तोवर कृपया सांभाळून घ्यावे."

मला तो फोन आठवला. "अगं, जरा सुन, एक पत्र आलंय..." असं ते म्हणाले होते आणि मी "बाबा, नंतर" म्हणून ठेवून दिला होता. त्यानंतर ते फोनवर पोह्यांचं विचारायचे, हिरव्याचं बोलत नव्हते. माझ्या ध्यानात आलं नाही.

"मुलगी या रविवारी येऊ शकली नाही. पुढील रविवारी नक्की. कृपया सांभाळून घ्यावे." असं एक, मग आणखी एक, मग आणखी. पत्रागणिक विनंती जास्त अदबीची होत गेलेली. आईचा आवाज वाचवायला त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

पुढचे तीन दिवस मी रजा घेऊन त्या डिस्कमधून निघेल ते काढत बसले. अकरा रेकॉर्डिंग हाती लागली, बाकीची गेली. एकात आई वाचता वाचता थांबते आणि विचारते, "ऐकताय ना, की झोपलात?" बाबा म्हणतात, "नाही गं, वाच." बाबांचा आवाज माझ्याकडे तेवढाच आहे.

त्यांचं शेवटचं पत्र मी त्या तीन दिवसांनंतर वाचलं. आधी धीरच झाला नाही. ते जाण्याच्या चार दिवस आधीचं, रविवार संध्याकाळचं. त्यानंतर मशीनकडूनच पत्र गेलेलं नव्हतं.

"महोदय, आपले पत्र मिळाले. मुलगी आज आली होती. आपला विषय काढणार होतो, परंतु जेवण होताच तिला झोप लागली. फार दमलेली दिसली. उठवले नाही. कळावे."

तो रविवार मला आठवतो. जाग आली तेव्हा अंगावर चादर होती, पंखा कमी केलेला होता, आणि बाबा समोरच्या खुर्चीत नुसते बसून होते. मी घड्याळ बघितलं आणि घाईनं निघाले.

मी त्या पत्राखाली उत्तर लिहिलं. आपले पत्र मिळाले. बाबा, मला उठवायचं होतं.