इरकली काठाचं बोचकं

नांदेडचं घर सोडून लातूरला मुलाकडे राहायला जायचं ठरलं तेव्हा पलंग, कपाट, भांडीकुंडी यांचा निकाल लवकर लागला. अडलं ते चिंध्यांपाशी. वाकळी शिवून उरलेले तुकडे बायकोने आयुष्यभर साठवले होते. दोन लोखंडी ट्रंका भरल्या होत्या आणि वर माळ्यावर पोती. मुलगा फोनवर म्हणाला, आई, इथं सगळं विकत मिळतं, ते देऊन टाक कुणाला. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "टाकायचं न्हाई. जायच्या आत संपवायचं."

संपवायचं म्हणजे शिवायचं. मोतीबिंदू काढला तरी तिला सुईत दोरा ओवता येत नाही आणि मला एकदा जमिनीवर बसलं की उठता येत नाही. म्हणून मी खुर्चीत बसून सुया ओवायच्या, तुकडे निवडायचे आणि तिने खाली बसून धावदोरा घालायचा. निवडण्याची तिची रीत होती. सुती वेगळं, टेरिकॉट वेगळं, कारण टेरिकॉट घाम पीत नाही, त्याची फक्त पायपुसणी. विरलेलं कापड मधल्या थरात, घट्ट विणीचं वर. काठ निराळे गुंडाळायचे, वाकळीच्या कडेला तेच टिकतात. प्रत्येक बोचकं आतल्याच कापडाच्या पट्टीने बांधलेलं, म्हणजे न सोडता कळावं. माझ्या ऑफिसच्या शर्टांचं एक होतं, मुलाच्या शाळेच्या खाकीचं एक. पंखा लावला की तुकडे उडायचे, म्हणून पंखा बंद. दोघंही घामेजून, फारसं न बोलता काम करत होतो. चार वाजेपर्यंत असा शीण यायचा की चहा कोण ठेवणार यावर दोघंही गप्प बसायचो.

दुसरी ट्रंक उपसताना तळाशी एक लहानसं बोचकं लागलं. त्याला इरकली लुगड्याच्या लाल काठाची पट्टी होती. माझ्या आईच्या लुगड्याची.

"ते ठेवा बाजूला," बायको म्हणाली. "वन्संचं हाय. अमदपूरला जाऊन देऊन येते. माफी बी मागते. आता किती दिवस वागवायचं ते."

तिने माफी मागायचं काहीच कारण नव्हतं, आणि हे फक्त मला माहीत होतं.

आमच्याकडे आई गेली की तिचं चांगलं लुगडं लेकीला जातं. बहीण माझ्याहून धाकटी, अहमदपूरला दिलेली. तिच्यासाठी ठेवलेलं ते इरकली बायकोने एका जुन्या धोतरात बांधून ट्रंकेत ठेवलं आणि ती बाळंतपणाला रेणापूरला माहेरी गेली. त्याच दिवसांत गल्लीत वाकळी शिवून देणाऱ्या बाया आल्या. बाळासाठी एक मऊ वाकळ करून न्यावी असं मला वाटलं. धोतराचं गाठोडं दिसलं, जुनेरच असणार म्हणून न सोडता त्यांच्या हातात दिलं आणि ऑफिसला गेलो. परत आलो तोवर लुगडं फाडून झालं होतं. इथवर ती चूक होती, कुणाच्याही हातून झाली असती. उरलेले तुकडे घरी ट्रंकेत टाकले आणि शिवून झालेली वाकळ मी तशीच बारशाला घेऊन गेलो. कुणाच्या ध्यानात येणार नाही असं वाटलं.

बारशाला जमलेल्या बायकांनी ती पाळण्यात घातली. बहिणीने कडेचा काठ बघितला आणि आत बाजेवर बसलेल्या माझ्या बायकोला, तिच्याच माहेरच्या माणसांसमोर विचारलं, "वैनी, माझ्या आईचं लुगडं फाडायला तुझा हात कसा उठला?"

बायकोला काहीच ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी पंगतीचं बघायला बाहेर गेलो.

बहीण न जेवता निघून गेली. बायकोला मी सांगितलं की मी ऑफिसात असताना त्या बायांनीच ट्रंकेतून काढलं असणार. तिने ते खरं मानलं. बहिणीला तसं सांगूनही पाहिलं, तिला ती सबब वाटली. ट्रंकेला कुलूप लावलं नाही ही आपलीच चूक, असं बायको तेव्हापासून धरून बसली. बहीण आमच्या घरचं पाणीसुद्धा घेईना. भाऊबीजेला मी एकटाच जायचो. ती ओवाळायची, पुढ्यात बसून वाढायची आणि म्हणायची, दादा, तुझ्या नशिबी कसली बायको आली. मी खाली मान घालून जेवायचो. खरं सांगायचं तर मला ते ऐकायला बरं वाटायचं.

"माफी तू मागू नको," मी म्हणालो. "गाठोडं मीच दिलं होतं बायांना."

तिने हात थांबवला नाही. ओळ पुरी केली, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

"बारशाच्या दिवशी ठावं होतं तुमाला?"

"होतं."

"मग कामून बोलले न्हाईत?"

मी दोऱ्याचं टोक ओलं केलं. ती म्हणाली, "आन् मी त्या कुलपाला दोष देऊन राहिले." मग पुढची सुई ओवून मागितली.

दुसऱ्या दिवशी एसटीने अहमदपूरला गेलो. ती खिडकीशी बसली, बोचकं मांडीवर. बहिणीने मला ये दादा म्हटलं आणि बायकोसाठी नुसती चटई सरकवली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, बसलो असतो तर सांगता आलं नसतं.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी दर भाऊबीजेला तू माझ्या तोंडून वैनीला शिव्या ऐकल्यास. आन् जेवून गेलास."

मी हो म्हणालो.

ती माझ्याकडची नजर काढून बोचकं सोडायला लागली. तळहाताएवढे तुकडे. याचं आता काय व्हायचं, असं तिने विचारलं. बायको म्हणाली, दुसरं सुती जोडलं तर उशीची खोळ होईल.

"दिसतंय का तुला शिवायला?"

"हे ओवून देतेत सुया."

"नको माय. त्याच्या हातात सुई बी देऊ नको," बहीण म्हणाली, आणि बायकोला हसू आलं. बहिणीला नाही आलं. ती बायकोचा हात धरून तिला आत जेवायला घेऊन गेली.

मला ताट भाच्याच्या बायकोने बाहेर आणून दिलं. जेवण झाल्यावर मी दारातून विचारलं, निघायचं का. बायको म्हणाली, "तुमी जा. मी राहते थोडे दिवस." किती, ते तिने सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. इतक्या वर्षांत बहीण मला निरोप द्यायला ओट्यापर्यंत आली नाही असं कधी झालं नव्हतं. आतून दोघींचा आवाज येत होता, कोणता तुकडा कशाला जोडायचा त्यावर वाद चालला होता. मी चपला घातल्या आणि स्टँडकडे निघालो.